रक्तदाबाची औषधे: वर्ग, काम आणि जोड्या

धमन्यांमधला दाब मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, ही पहिली. शरीरभर पसरलेल्या बारीक धमन्या त्या रक्ताला किती अडवतात, ही दुसरी. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. बारीक धमन्यांच्या भिंतींतले स्नायू आवळले की तेवढ्याच रक्ताला वाट अपुरी पडते आणि दाब चढतो. शरीरात मीठ आणि त्याच्यामागोमाग पाणी साठले तरी तो चढतो. या सगळ्याचा हिशेब शरीर स्वतःच ठेवत असते. मज्जासंस्था काही सेकंदांत दाब सावरते, मूत्रपिंडाशी जोडलेली संप्रेरके काही मिनिटांत ती सूत्रे हाती घेतात, आणि किती मीठ बाहेर टाकायचे हे ठरवून मूत्रपिंड काही दिवसांत पक्का बंदोबस्त करते. रक्तदाबावरचे प्रत्येक औषध यांपैकी कोणत्या तरी एका व्यवस्थेत हस्तक्षेप करते, आणि ते ज्या व्यवस्थेत हस्तक्षेप करते त्यावरून त्याचा वर्ग ठरतो.

दाब उतरला की शरीराला तो धोका वाटतो, हे इथे लक्षात ठेवायला हवे. वर्षानुवर्षे चढलेला दाबच शरीराने आपली नेहमीची पातळी मानलेला असतो. म्हणून एक वाट औषधाने बंद केली की दुसऱ्या वाटेने तो पुन्हा वर नेण्याची धडपड सुरू होते. पाणी कमी केले तर संप्रेरके धमन्या आवळतात. धमन्या सैल केल्या तर हृदय वेगाने धावते आणि मूत्रपिंड मीठ राखून ठेवते. एकाच गोळीवर अनेकांचा दाब आटोक्यात का येत नाही, आणि दोन वेगळ्या वर्गांची औषधे एकत्र का द्यावी लागतात, याचे उत्तर या धडपडीत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यांपैकी एकही वर्ग हाताशी नव्हता. वाढलेला दाब हा अरुंद झालेल्या धमन्यांमधून रक्त पोहोचवण्यासाठी शरीराने केलेला उपायच आहे, त्याला हात लावू नये, असे मानणारे नामवंत डॉक्टर त्या काळी होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला आणि 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्यांचा दाब 300/190 नोंदवला गेला होता. जगातली सर्वोत्तम वैद्यकीय सेवा ज्याच्या दाराशी होती त्या माणसासाठीही विश्रांती आणि मिठाची काटछाट यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. काही ठिकाणी पाठीच्या कण्यालगतच्या अनुकंपी मज्जातंतूंची गाठमाळ शस्त्रक्रियेने कापून टाकत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर रुग्णांना जवळजवळ केवळ भात आणि फळांवर ठेवत. दाब उतरे, पण तो आहार फार थोड्यांना झेपे.

या अंधाऱ्या काळात एक वाट मुंबईतून निघाली. सर्पगंधेची मुळी उन्माद आणि निद्रानाशावर भारतात पूर्वापार वापरात होती. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. वकील यांना 1957 चा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिन अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन रिकामे करते, त्यामुळे धमन्या सैल पडतात. मोठ्या मात्रेत त्याने मन खचते अशी तक्रार पुढे आली आणि ते मागे पडले. तरीही चढलेला दाब औषधाने उतरवता येतो हा विश्वास ज्या थोड्या औषधांनी दिला त्यांत त्याचे स्थान मोठे आहे.

आज पहिल्या पसंतीच्या वर्गांपैकी सर्वांत जुना वर्ग लघवी वाढवणाऱ्या औषधांचा, म्हणजे मूत्रलांचा. मर्क शार्प अँड डोम कंपनीत कार्ल बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले क्लोरोथायझाइड 1958 च्या सुमारास बाजारात आले. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्याच गोतावळ्यातली. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात मीठ रक्तात परत शोषले जाते. ही औषधे ते शोषण रोखतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पाणी कमी झाल्याने दाब उतरतो. नंतर शरीरातले पाणी बरेचसे पूर्ववत होते, तरी दाब खालीच राहतो, कारण धमन्यांचा अडसर कमी झालेला असतो.

दाब उतरवून माणूस वाचतो का, या मूळ प्रश्नाचे उत्तरही मूत्रल असलेल्या उपचारानेच मिळाले. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांवर अभ्यास झाला. निम्म्यांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन आणि हायड्रॅलाझिन, तर उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या दिल्या. 1967 मध्ये निकाल आला. औषधविरहित गटात गंभीर घटना 27, औषध घेणाऱ्यांत 2. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचितच दिसतो. त्या निकालानंतर वाढलेला दाब तसाच राहू द्यावा हे मत टिकणे शक्य नव्हते. 2002 साली ‘ऑलहॅट’ या अमेरिकी अभ्यासाने 33,000 हून अधिक रुग्णांत स्वस्त क्लोरथॅलिडोनची तुलना नव्या अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिलशी केली. हृदयविकाराचा झटका टाळण्यात जुने औषध कुठेही कमी पडले नाही, आणि हृदय निकामी होणे रोखण्यात ते अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा सरस ठरले. मूत्रलांना जुनी आणि साधी समजून बाजूला सारण्याची सवय अजून गेलेली नाही. या पुराव्यापुढे ती टिकत नाही.

मूत्रलांचा त्रास मात्रेबरोबर वाढतो. सुरुवातीच्या काळात ती आजच्या कित्येक पट दिली जात. आता हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 ते 25 मिलिग्रॅम पुरते. पोटॅशियम घटते, युरिक अ‍ॅसिड वाढून गाऊट उफाळतो, साखर थोडी चढू शकते. वयस्कर माणसात सोडियम घसरते, आणि घरच्यांना ते सुस्ती, गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाणे अशा रूपात दिसते. कडक उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर अशा माणसाचे सोडियम तपासण्यात हयगय करू नये. फुरोसेमाइड हे जोरकस मूत्रल मात्र वेगळ्या कामाचे आहे. अंगावर सूज असताना किंवा हृदय अथवा मूत्रपिंड निकामी होत असताना ते लागते. नुसत्या रक्तदाबासाठी त्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो.

दुसऱ्या वर्गाची कहाणी ब्राझीलच्या एका विषारी सापापासून सुरू होते. ती समजण्यासाठी आधी संप्रेरकांची साखळी पाहायला हवी. रक्तपुरवठा किंवा मीठ कमी झाल्याची जाणीव होताच मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन पाडते, तो तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन 1. हा स्वतः दुबळा असतो. मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत असलेले एसीई नावाचे विकर त्याचे रूपांतर अँजिओटेन्सिन 2 मध्ये करते, आणि हे मात्र धमन्या कडाडून आवळते. शिवाय ते अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून मूत्रपिंडाला मीठ राखायला लावते. दाब वर नेण्याची ही शरीराची सर्वांत सक्षम यंत्रणा. तेच एसीई ब्रॅडिकिनिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्यही मोडून टाकते.

जराराका जातीचा साप चावला की माणसाचा दाब एकाएकी कोसळतो. या विषावर काम करताना मॉरिसियो रोशा ए सिल्वा यांना 1940 च्या दशकाच्या अखेरीस ब्रॅडिकिनिन सापडले. त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांनी पुढे याच विषात ब्रॅडिकिनिन टिकवून धरणारा घटक शोधला आणि तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तो घटक एसीईलाही रोखतो हे तिथे दिसले. त्यातून स्क्विब कंपनीत टेप्रोटाइड बनवले गेले. रुग्णांत दाब उतरला, पण औषध इंजेक्शनानेच द्यावे लागे, कारण ते पोटात गेले की पचून जाई. त्याच कंपनीतील डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी विषाचे अनुकरण सोडून दिले. एसीईच्या ज्या खाचेत रासायनिक क्रिया घडते तिचा आकार कसा असेल याचा अंदाज बांधून त्यांनी तिच्यात चपखल बसेल असा छोटा रेणू रचला. 1975 मध्ये कॅप्टोप्रिल तयार झाले आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हजारो रसायने चाळत बसण्याऐवजी लक्ष्याचा आकार ओळखून औषध रचण्याच्या पद्धतीचे हे पहिल्या यशस्वी उदाहरणांपैकी एक. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल, पेरिंडोप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी नावे याच वर्गाची.

प्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा, घसा खरवडणारा खोकला लागतो. एसीई बंद असल्याने ब्रॅडिकिनिन साचते, त्यातून तो येतो. तो कफाच्या औषधाने जात नाही. गोळी बदलली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबतो. ही गोष्ट माहीत नसल्याने छातीचे फोटो आणि खोकल्याची औषधे यांत महिने वाया जातात. क्वचित ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडतो, आणि असे एकदा झाले तर प्रिल पुन्हा कधीही द्यायचे नसते. खोकल्याचा हा प्रश्न ‘सार्टन’ गोळ्यांनी सोडवला. त्या अँजिओटेन्सिन 2 बनू देतात, पण ते ज्या ग्राहीवर जाऊन बसते ती जागा अडवतात, त्यामुळे ब्रॅडिकिनिनला धक्का लागत नाही. पहिले सार्टन म्हणजे लोसार्टन, 1995 मध्ये बाजारात आले. भारतात आज टेल्मिसार्टन सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी एक आहे. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो.

मधुमेहात लघवीतून प्रथिन जात असेल तर या दोन वर्गांपैकी एक हवाच, कारण मूत्रपिंडाच्या गाळणीवरचा दाबही ते कमी करतात. मात्र सुरुवात केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते, फार वाढले तर मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद असल्याची शंका येते. प्रिल आणि सार्टन एकत्र दिल्यास दुप्पट फायदा होईल असे एकेकाळी वाटत होते. 2008 च्या ‘ऑनटार्गेट’ अभ्यासात रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र घेणाऱ्यांना जास्त संरक्षण मिळाले नाही, मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढला. तेव्हापासून ही जोडी टाळतात.

कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर हा तिसरा मोठा वर्ग. स्नायूपेशीत कॅल्शियम शिरले की ती आकसते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्त फ्लेकनश्टाइन यांनी 1960 च्या दशकात काही औषधे हा शिरकाव रोखतात हे दाखवले. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयावरही काम करून त्याची गती कमी करतात. निफेडिपिन आणि अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः धमन्या सैल करतात. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची प्रथा दवाखान्यांत बराच काळ होती. दाब इतक्या झटक्यात कोसळे की हृदयाला आणि मेंदूला रक्त कमी पडे. 1990 च्या दशकात या प्रथेविरुद्ध इशारे आले आणि ती सोडून देण्यात आली. अ‍ॅम्लोडिपिन याच्या अगदी उलट वागते. शरीरातील त्याची मात्रा निम्मी व्हायला 30 ते 50 तास लागतात, म्हणून दाब सावकाश उतरतो आणि एखादी गोळी चुकली तरी लगेच उसळत नाही. भारतासारख्या देशात, जिथे गोळ्या संपल्या तरी पुढच्या बाजारापर्यंत थांबणारे रुग्ण आहेत, तिथे हा गुण फार मोलाचा.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना येणारी सूज पाहून घरात मूत्रपिंडाची धास्ती पसरते. खरे कारण स्थानिक आहे. केशवाहिन्यांकडे रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल होतात, पण रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा तशाच राहतात, त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी ऊतींत झिरपते. म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज नीट उतरत नाही. सार्टन किंवा प्रिल जोडल्यास मात्र ती कमी होते, कारण ते शिराही सैल करतात. 10 ऐवजी 5 मिलिग्रॅमवर येणे किंवा सिल्निडिपिनकडे वळणे हे इतर उपाय. हिरड्या फुगणे हा या वर्गाचा कमी माहीत असलेला परिणाम दाताच्या डॉक्टरांच्या नजरेस आधी पडतो.

बीटा-ब्लॉकरचा जन्म रक्तदाबासाठी झालाच नव्हता. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांना छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या हृदयावरचा ताण अ‍ॅड्रेनलिनला अडवून कमी करायचा होता. इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये त्यांनी शोधलेले प्रोप्रॅनोलॉल 1960 च्या दशकाच्या मध्यावर वापरात आले. ते रक्तदाबही उतरवते हे लंडनचे ब्रायन प्रिचर्ड यांच्या लक्षात आले. ब्लॅक यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बीटा-ब्लॉकर हृदयाचा वेग आणि जोर कमी करतात, शिवाय मूत्रपिंडाचे रेनिनही घटवतात. कित्येक वर्षे अटेनोलॉल हे रक्तदाबाचे नेहमीचे औषध होते. 2002 च्या ‘लाइफ’ अभ्यासात लोसार्टन आणि अटेनोलॉल यांनी दाब जवळजवळ सारखाच उतरवला, पण लोसार्टन गटात पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. तेव्हापासून, दुसरे कारण नसेल तर, बहुतेक ठिकाणी बीटा-ब्लॉकर पहिल्या रांगेतून मागे गेले. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदय निकामी होत असेल, किंवा ठोके वेगाने अनियमित पडत असतील तर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांना तोड नाही. दमेकऱ्यांना ते टाळतात, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड त्यांमुळे झाकली जाते.

उरलेले वर्ग विशिष्ट प्रसंगांचे. त्यांत स्पायरोनोलॅक्टोन महत्त्वाचे आहे, कारण ते अल्डोस्टेरॉनला अडवते. मूत्रल, सार्टन आणि कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर या तिन्हींनी दाब न उतरलेल्या रुग्णांत चौथे औषध कोणते, याची ब्रिटनमधील ‘पाथवे-2’ अभ्यासात तुलना झाली. 2015 च्या निकालात स्पायरोनोलॅक्टोन डॉक्साझोसिन आणि बिसोप्रोलॉलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. हट्टी रक्तदाबामागे अनेकदा राखून ठेवलेले मीठ असते, हे त्यातून दिसले. पोटॅशियम वाढणे आणि पुरुषांत स्तन दुखणे किंवा वाढणे हे त्याचे तोटे. प्राझोसिन, डॉक्साझोसिन ही अल्फा-ब्लॉकर औषधे प्रोस्टेटचा त्रासही कमी करतात, पण पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती झोपताना देतात. मिनोक्सिडिल धमन्या फार जोराने सैल करते आणि अंगावर केस वाढवते; याच परिणामामुळे ते टक्कलावरच्या द्रावणाच्या रूपात जास्त ओळखले जाते. मेंदूतून अनुकंपी मज्जासंस्थेला शांत करणारे मिथाइलडोपा इतरत्र मागे पडले असले तरी गरोदरपणात अजून वापरात आहे. त्या काळात लॅबेटॅलॉल आणि सावकाश विरघळणारे निफेडिपिन यांचाही आधार असतो. प्रिल आणि सार्टन मात्र गरोदरपणात वर्ज्य आहेत, कारण त्यांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होते. मूल हवे असलेल्या स्त्रीची गोळी आधीच बदलली पाहिजे.

औषधांच्या जोड्यांचा विचार सुरुवातीला सांगितलेल्या धडपडीवर उभा आहे. मूत्रलाने रेनिन वाढते, आणि सार्टन त्याचाच परिणाम थोपवते. मूत्रलाने घटणारे पोटॅशियम सार्टन राखते. अ‍ॅम्लोडिपिनची सूज सार्टन कमी करते. एका औषधाची मात्रा दुप्पट केली तर दाब थोडाच जास्त उतरतो आणि त्रास वाढतो. त्याऐवजी दुसऱ्या वर्गाचे औषध जोडले तर जादा परिणाम सुमारे पाचपट मिळतो, असे निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या विश्लेषणात आढळले. दोन औषधांची एक गोळी 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. वरचा दाब 10 मिलिमीटरने उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, म्हणून या हिशेबाला अर्थ आहे.

भारतात 2017 मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राला घेतले होते. त्याच्या उपचार-आराखड्यात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि एक मूत्रल अशी मोजकीच औषधे पायरीपायरीने द्यायची असतात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातही साठा सांभाळता येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के स्त्रियांत रक्तदाब चढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेले आढळले. इतक्या माणसांना प्रत्येकासाठी वेगळा नुस्खा लिहून पोहोचणे शक्य नाही. थोडी, स्वस्त आणि नेहमी मिळणारी औषधेच इथे कामाची.

गोळ्या चालू असूनही दाब उतरत नसेल तेव्हा आणखी औषध लिहिण्याआधी घरात काय घेतले जाते ते विचारावे. सांधेदुखीवरच्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ राखायला लावतात, मूत्रल आणि प्रिल-सार्टनचा परिणाम बोथट करतात, आणि तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंड अचानक बिघडू शकते. पोटॅशियमयुक्त मीठ एरवी उपयोगी, पण सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनबरोबर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर नेऊ शकते. गोळी सकाळी की रात्री हा प्रश्न ब्रिटनमधील 21,000 हून अधिक रुग्णांच्या ‘टाइम’ अभ्यासाने 2022 मध्ये बऱ्यापैकी निकालात काढला. दोन्हींत फरक पडला नाही, तेव्हा रोज आठवण राहील ती वेळ योग्य. एकाएकी बंद करण्याबाबत मात्र वर्गावर्गात मोठा फरक आहे. अ‍ॅम्लोडिपिन किंवा सार्टन थांबले तर दाब काही दिवसांत हळूहळू जुन्या पातळीवर जातो. मिथाइलडोपासारखेच मेंदूतून काम करणारे क्लोनिडिन अचानक तोडले तर तो त्या पातळीच्याही वर उसळतो, आणि बीटा-ब्लॉकर तोडले तर हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत पुन्हा दुखू लागते, क्वचित झटकाही येतो. म्हणून ही दोन औषधे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत, दाब मोजत बंद करतात.